उसना रवंथ

कुणी मधासाठी डोंगर चढतं, कुणी पुरलेल्या हंड्यासाठी रान तुडवतं. हिवरटेकाकडे निघालेल्या या तिघांना तिथून एक मेंढी आणायची होती. तीही मटणासाठी नाही, लोकरीसाठी नाही, तर तिनं चघळलेल्या गवतासाठी! ऐकणाऱ्याला हसू येईल. पण अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या भादव्यात बजाबाईचं हसू पार आटून गेलं होतं.

त्याचं असं झालं. उजनी धरणाचं पाणी फुगत फुगत भीमेकाठच्या शिवारात शिरलं आणि सगळं गाव उठून वरच्या माळावर पत्र्याच्या खोपटांत जाऊन बसलं. उठताना घरोघरची पेवं उपसली गेली. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं ज्वारीचं कोठार. चांगली ज्वारी लोकांनी नेली. तळाची, ओल लागून आंबलेली, काळी पडलेली तेवढी राहिली. ती पाण्यात जाणार हे बजाबाईच्या धाकट्या भावाला, महिपतीला, बघवेना. तिकडे मेंढरं महिनाभर अर्धपोटी होती. गड्यानं पोतीच्या पोती पाठीवरून वाहून आणली आणि एका संध्याकाळी कळपापुढे ओतली. दाण्यानं मेंढी फुगते हे धनगराच्या पोराला काय ठाऊक नव्हतं? होतं. पण भुकेल्या जनावराला पोटभर मिळालं तर त्यात वाईट काय होईल, असं त्या दिवशी त्याच्या मनानं घेतलं. मेंढरं तुटून पडली आणि हा काठीवर हनुवटी टेकून समाधानानं बघत उभा राहिला. बजाबाई तेव्हा पाहुण्यांकडे गेली होती.

सकाळी ती परतली तेव्हा वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत, निम्मा कळप पाय ताणून आडवा झाला होता. उरलेली मेंढरं उभी होती, मान खाली घालून, नुसतीच. एकीचाही जबडा हलत नव्हता.

माढ्याहून जनावरांचे डॉक्टर आले. शिवलिंगप्पा त्यांचं नाव, मूळचे अक्कलकोटकडचे, माणूस मोठा मायाळू. त्यांनी मेंढरांच्या घशात सोड्याचं पाणी ओतलं, कुशीला कान लावून आवाज ऐकला आणि मान हलवली.

"खरं सांगू का, बाई? मेंढी गवत खाते असं आपण म्हणतो. पण गवत पचवतात ते तिच्या पोटातले जीव. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. मेंढी त्यांना गवत पुरवते, ऊब देते, आणि ते तिला जगवतात. आंबलेल्या दाण्यानं ते मेलेत. आता समोर हिरवंगार कुरण असलं तरी या उपाशीच मरणार."

"मग औषिद द्या की, डाक्टर."

"आंबट मारायचं दिलं. पण मेलेले जीव माझ्या पिशवीत नसतात. ते दुसऱ्या निरोगी मेंढीच्या पोटातूनच आणावे लागतात."

"म्हंजी उसना रवंथ की!" बजाबाईची म्हातारी सासू केराबाई कुडाला टेकून बसली होती, ती म्हणाली. "चांगल्या मेंढीच्या तोंडातला रवंथ काडून आजारीच्या तोंडात घालायचा. आमच्या सासवा करायच्या."

"तेच करा, आजी. पण लवकर. दोन दिवस, फार तर तीन."

आता निरोगी मेंढी आणायची कुठून? गावातल्या गुरांना, शेळ्यांना लाळ्याचा रोग लागलेला. सगळ्यांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. त्यांचा रवंथ दिला असता तर एका रोगाचे दोन झाले असते. बाकीचे धनगर मेंढरं घेऊन केव्हाच बालाघाटाकडे निघून गेले होते. तेव्हा कुंडलिक गुळव्या पुढं आला. या कुंडलिकचं गुऱ्हाळ, गुळाची भट्टी म्हणजे चुलवण, उसाचा फड, सगळं पाण्याखाली गेलं होतं. वाचली होती ती रस आटवायची लोखंडी काहील. तिच्या कडांना वाळके भोपळे बांधून तो तिच्यात बसायचा आणि मासे धरायचा.

"बजाक्का, हिवरटेकाला आता चौबाजूनं पानी हाय," तो म्हणाला. "पर तितं एक मेंढी हाय. मी डोळ्यानं बगितली. तुमचीच आसंल, पानी आलं तवा मागं ऱ्हायलेली. आन् निवांत रवंथ करत हुती की!"

"लांडगा वरडतोय त्या टेकावर," केराबाई म्हणाली.

"व्हय, वरडतोय."

बजाबाईनं विळा काढला आणि दगडावर धार लावायला बसली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच काहील पाण्यात ढकलली. बजाबाई, कुंडलिक आणि महिपती. एक घोंगडी, एक विळा, महिपतीची कुऱ्हाड, दोरखंड, आणि वल्ह्याच्या जागी रस ढवळायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. गोल काहील ती. नाव असते तशी तिला ना पुढा ना मागा. जरा कुणी हललं की गरकन फिरायची.

"कुंडलिकबापू, त्याला म्हनावं मधी बस. कायल कलंडंल," बजाबाई म्हणाली.

महिपती तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

"मधी बस म्हनत्यात," कुंडलिकनं निरोप पोचवला.

महिपती मुकाट सरकला. मेंढरं पडली त्या सकाळपासून बजाबाई त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. तिलाही शिव्या द्यायच्या होत्या. पण तोंड उघडलं की त्या पडलेल्या मेंढ्या दिसायच्या.

पाणी मळकट आणि गप्प होतं. कुंडलिक मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हे. पाण्याखालचं शिवार त्याला तोंडपाठ होतं, आणि त्याच आठवणीवर तो काहील हाकत होता. "ही डावीकडं येशीची चिंच, शेंडाच दिसतोय बगा. म्हंजी आता आपन सोजरबाईच्या परड्यावर आलो. तितं खाली विहीर हाय, भोवरा घेती, तिच्यावरनं जायाचं न्हाय." मग एका जागी त्यानं फावडं पाण्यात तसंच धरलं आणि खाली बघत राहिला. तिथं वर काहीच दिसत नव्हतं.

"हितं माजं चुलवण," तो म्हणाला आणि पुन्हा फावडं मारायला लागला.

ऊन वर आलं तशी बाभळवन लागलं. कधीकाळी ओढ्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं ते रान आता गळ्यापर्यंत पाण्यात उभं होतं, पानं पिवळी पडलेली, अर्धी झाडं मेलेली. पाणी चढलं तसं जमिनीवरचं सगळं झाडांवर चढलं होतं. फांद्याफांद्यांना मुंग्यांचे काळे गोळे लटकत होते. मुंग्यांवर सरडे टपलेले, सरड्यांवर साप, आणि सगळ्यात वरच्या वाळक्या फांदीवर घारी बसलेल्या. एकेका झाडावर सगळं शिवार कोंडलं होतं आणि एकमेकांना खाऊन दिवस काढत होतं.

"फांदीला हात लावू नगा," कुंडलिक कुजबुजला.

हात कुणी लावला नाही, पण काहीलच लागली! पाण्याखालच्या बाभळीनं तिला खालून धरलं. एक हिसका, मग दुसरा. फट्‌दिशी एक भोपळा फुटला, मागोमाग दुसरा. काहील एका अंगाला कलली आणि गार पाण्याचा लोट आत आला. वरून काहीतरी जड, लांब, गिळगिळीत बजाबाईच्या पायांवर पडलं.

"साप!"

"हलू नका, बजाक्का!"

नागच होता, भुकेनं आणि भीतीनं बिथरलेला. त्यानं फणा काढला. महिपतीनं फावड्याचं पातं अलगद त्याच्या पोटाखाली सारलं आणि एका झटक्यात त्याला पाण्यात भिरकावलं! पुढच्या क्षणी तो स्वतःही पाण्यात होता. काहिलीच्या तळाखाली बुडी मारून तो फांदी मोडायला लागला. वर आला, श्वास घेतला, पुन्हा खाली गेला. कितीतरी वेळानं काहील सुटली आणि महिपती कडेला धरून आत आला तेव्हा त्याच्या दोन्ही पोटऱ्या काट्यांनी उभ्या फाटल्या होत्या. बजाबाईनं बघितलं. लुगड्याचा जुना पदर फाडून तिनं चिंधी कुंडलिकच्या हातात दिली. "त्याला द्या," ती म्हणाली आणि पाणी उपसायला लागली.

हिवरटेक आलं ते आधी वासानं. ओलं हाड, सडकी पानं आणि लांडग्याच्या मुताचा उग्र दर्प. तिघं काठावर उतरले आणि काही पावलांवरच थबकले. वाटेत मेंढरांची हाडं पडली होती, चाटून साफ केलेली. बजाबाईनं एकेक कवटी पायानं उलटून पाहिली. शिंगांच्या वळणावरून तिला मेंढरं ओळखू येत होती. पाणी चढताना मागं राहिलेली ती सगळी तिचीच होती. लांडग्यानं एकेक करून नेलेली.

पण गंमत बघा, टेकडी उजाड नव्हती! गवत गुडघाभर होतं. हिवराच्या काटेरी झाडांखाली शेंगांचा खच पडला होता, आणि जिथं जिथं लेंड्यांचे ढीग होते तिथं तिथं हिवराची इवली रोपं वर आली होती. मेंढरांनी शेंगा खाल्ल्या, बिया पोटातून फिरून खाली पडल्या, रुजल्या. लांडग्यानं मेंढरं कमी केली म्हणून रोपं वाचली. त्या एवढ्याशा जागेत पाण्यानं वेढलेल्या जिवांनी आपला संसार थाटला होता, आणि संसार कसला, रोज कुणीतरी मरत होतं.

"ती बगा, तितं!" कुंडलिकनं बजाबाईचा दंड धरला.

वर, खडकाच्या सावलीत, ती बसली होती. पांढरं अंग, काळं तोंड. डोळे अर्धे मिटलेले. आणि जबडा? जबडा चालला होता! डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. मग घशातून एक गोळा खाली जाताना दिसला, थोडी उसंत, आणि दुसरा गोळा वर आला. बजाबाईनं उभ्या जन्मात हजारदा पाहिलेली गोष्ट ती. पण आज तिच्या डोळ्यांना धार लागली.

तिनं घशातून ओळखीची साद घातली, "हुर्र… यो, यो, यो!" मेंढीनं कान टवकारले. क्षणभर वाटलं, येईल. पण दोन महिने माणूस न पाहिलेलं जनावर ते. उठलं आणि मागं सरकलं.

महिपतीनं हातानं खूण केली: मी वळसा घालून वरून येतो, तुमच्याकडे हाकलतो. धनगराची रोजची रीत ती, आणि तीच नडली. तो वरच्या अंगाला गेला, मेंढी त्याला बुजून खाली पळायच्या ऐवजी आडवी धावली, सरळ हिवरांच्या जाळीकडे. जाळी हलली. काहीतरी राखाडी, सपाट, झपाट्यानं बाहेर आलं.

"लांडगाऽऽ!"

बजाबाई धावली. कुंडलिक धावला. पण लांडगिणीला चार ढांगा पुरल्या. तिनं मेंढीचा गळा धरला, जागेवरच गिरकी घेतली आणि तिला फरफटत खडकाच्या कपारीत ओढून नेलं. एक केविलवाणा आवाज आला, मग तोही थांबला.

सगळं संपलं! बजाबाई मटकन खाली बसली. पलीकडच्या काठावर वाघरीत माना टाकून उभी असलेली मेंढरं, केराबाईनं चुलीवर ठेवलेलं पाणी, डॉक्टरांचे दोन दिवस, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आता घरी जाऊन काय सांगायचं? महिपती मात्र कुऱ्हाड उगारून कपारीकडे धावत होता. आजवर मनात साठलेलं सगळं तो त्या एका जनावरावर काढणार होता.

तेवढ्यात तिला आठवलं. माळावर आजवर किती तरी वेळा लांडग्यानं मारलेली मेंढी तिनं सकाळी जाऊन पाहिली होती. मांस गेलेलं असायचं, काळीज गेलेलं असायचं, आणि बाजूला, मातीत, गवतानं भरलेली पोटाची पिशवी तशीच टाकलेली असायची. लांडग्याला तिचं काय काम? पण ती फाटली, थंड पडली, की तिचा उपयोग नाही. आत्ता ती गरम होती. आत्ता!

ती उठली. विळा हातात घेतला. महिपतीच्या पुढं होऊन तिनं हात आडवा केला, असा की तो जागीच थांबला. मग कपारीच्या तोंडाशी ती गुडघ्यांवर बसली आणि रांगत आत शिरली.

आत अंधार होता, आणि दोन डोळे. लांडगीण मेंढीच्या मानेवर पाय रोवून उभी होती. बरगड्या मोजाव्यात इतकी वाळलेली. पोटाखाली आचळं लोंबत होती, म्हणजे मागं कुठंतरी पिल्लं होती. तिनं दात दाखवले. गुरगुर बजाबाईच्या छातीत घुमली.

बजाबाईनं मेंढीचे मागचे पाय धरले आणि हळूच आपल्याकडे ओढले. लांडगीण सोडेना. मान तिच्याकडे, पाय हिच्याकडे.

"तुजं तू खा, बाई," बजाबाई हळू आवाजात म्हणाली. "मी मांसाला हात लावत न्हाय. मला नुसतं गवत न्हेऊ दे. माज्या लेकी तिकडं उपाशी मरत्यात."

बाहेर महिपती ऐकत होता. लांडगिणीशी बोलली, आपल्याशी नाही!

विळा चालला. एक चीर. वाफ आली. लांडगिणीनं डोकं पुढं केलं. तिचा श्वास बजाबाईच्या मनगटाला लागला. बजाबाईचा हात थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा हलला नसता. तिनं चाचपून पोटाची पिशवी सोडवली. वजडी म्हणतात ती, गच्च भरलेली, तापलेली. वरचं तोंड कमरेला खोचलेल्या लोकरीच्या सुतानं आवळलं, खालचं आवळलं, दोन्हीकडून कापलं, आणि ते ओझं पोटाशी धरून ती पाठमोरी न होता इंचाइंचानं मागं सरकली. लांडगीण बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली आणि खायला लागली.

बाहेर आल्यावर कुंडलिकनं तिला हात देऊन उभं केलं. महिपतीच्या हातात अजून कुऱ्हाड होती. तिनं त्या कुऱ्हाडीकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. त्यानं ती खाली घेतली.

वजडी घोंगडीत गुंडाळून तिनं लुगड्याच्या आत, उघड्या पोटाशी बांधली. ऊब टिकायला हवी होती. काहील ढकलताना कुंडलिक मागं वळून म्हणाला, "पानी आनखी चडनार हाय म्हनत्यात. तवा ह्या लांडगिणीचं काय हुईल?" बजाबाईनं पोटावरची गाठ आणखी आवळली.

दुपार कलली आणि पश्चिमेला आभाळ काळं झालं. उत्तरा नक्षत्राचा पाऊस सोलापूरकडे असा अवचित येतो, आणि आला की वारा आधी पाठवतो. पाण्यावर लाटा उठल्या. भोपळे फुटलेली बाजू सारखी खाली जात होती. कुंडलिक फावडं मारत होता, काहील जागच्या जागी गरगरत होती. एक लाट आली आणि फावडं त्याच्या हातातून गेलं!

"मेलो!" कुंडलिक ओरडला. "बजाक्का, वजन लई झालं! काय तरी टाका!"

दोरखंड टाकला. कुऱ्हाड टाकली. पाणी घोट्यावर आलं. बजाबाईनं दोन्ही हातांनी पोट घट्ट धरलं होतं; ते सोडून ती पाणी उपसू शकत नव्हती. महिपतीनं एकवार तिच्याकडे पाहिलं आणि कडेवरून सरळ पाण्यात उतरला. काहील वर उचलली गेली. कडेला धरून, पाय मारत, तो तिला ढकलायला लागला.

"ईजंचे खांब धर!" कुंडलिक पावसातून ओरडला. "डावीकडं! त्या खांबांच्या खालनं रस्ता हाय, तितं बाभळी न्हाईत! खांबावरनं खांबावर जायाचं!"

एक खांब. दुसरा खांब. पाऊस असा की समोरचा खांब दिसेना. महिपतीच्या पोटऱ्यांच्या चिंध्या केव्हाच सुटल्या होत्या, पाण्यात लाल रेघ उमटत होती आणि मिटत होती. एका लाटेनं त्याचं डोकं झाकलं. ते वर आलं. दुसऱ्या लाटेनं झाकलं. या वेळी कडेवरची बोटं सुटली.

"महिपतीऽऽ!"

बजाबाईची किंकाळी वाऱ्यालाही ऐकू गेली असेल. एका हातानं वजडी धरून तिनं दुसरा हात पाण्यात खुपसला. केस लागले. तिनं ते मुठीत धरले आणि ओढले. "धर! कड धर रं! सोडलीस तर बग! मी काय सांगू घरी, मेंढरं बी ग्येली आन् तू बी? धर म्हनते ना!"

त्यानं धरली. खोकत, पाणी ओकत तो तिच्याकडे बघत होता. ती त्याला शिव्या देत होती, आई-बापाच्या नावानं, पेवाच्या नावानं, त्या काळ्या ज्वारीच्या नावानं. आणि त्या सगळ्या तो पाण्यात लोंबकळत, आधाशासारखा ऐकत होता. काठ लागेपर्यंत तिनं त्याचे केस सोडले नाहीत.

दिवस मावळताना ते वाघरीशी पोचले. मागून, पाण्यावरून, लांडगिणीचा लांबलचक आवाज आला आणि विरून गेला. वाघरीत आणखी मेंढरं पडली होती. केराबाईनं कोमट पाणी तयार ठेवलं होतं. वजडी उघडली, अजून गरम होती, आणि आतून गवताचा, हिवराच्या शेंगांचा आंबूस, जिवंत वास आला. फडक्यातून पिळून ते हिरवं पाणी वेळूच्या नळ्यानं एकेकीच्या घशात ओतायला सुरुवात केली.

पण सगळ्यांना पुरणार नव्हतं, हे बजाबाईला पहिल्या नळ्यालाच कळलं. आता निवडायचं होतं. जिच्यात धुगधुगी आहे, जी पुढं व्यायची आहे, तिला द्यायचं. बाकीच्यांकडे बघायचं नाही. अशी निवड करणाऱ्या माणसाच्या काळजाचं काय होतं ते तिलाच माहीत. मोरी नावाच्या मेंढीपाशी तिचा हात अडखळला. मोरी म्हातारी होती. आई मेलेलं कोकरू असताना जिला महिपतीनं फडक्यानं दूध पाजून वाढवलं होतं, तीच ही. महिपतीनं तिचं तोंड धरलं आणि स्वतःच बाजूला नेलं.

"हिला नगं, अक्का. म्हातारी हाय. त्या तरन्या मेंढीला दे."

सकाळी केराबाईच्या हाकेनं बजाबाई धडपडत उठली. "हालला गं! जबडा हालला!" एका तरण्या मेंढीचा जबडा चालत होता, हळू, विसरलेलं काहीतरी आठवावं तसा. बजाबाईनं तिच्या गालात बोट घातलं, हिरवा गोळा काढून घेतला आणि शेजारच्या मेंढीच्या तोंडात सारला. मग दुसरीकडून तिसरीला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी हेच चाललं. जी जगली तिनं पुढच्या मेंढीला उसनं दिलं. काहींपर्यंत ते पोचलं, काहींपर्यंत पोचायच्या आत त्या गेल्या. गेलेल्यांना महिपती माळाच्या टोकाला खड्डा करून पुरत होता. त्याच्या पोटऱ्या सुजल्या होत्या, तरी खड्डे तोच खणत होता.

मोरीला अगदी शेवटी मिळालं. महिपतीनं आपल्या बोटांनी तो गोळा तिच्या जिभेवर ठेवला आणि तिच्यासमोर बसून राहिला. ऊन चढलं तरी उठेना.

"मेंढरं पडल्यापास्नं घासाला शिवला न्हाय त्यो," केराबाई बजाबाईला म्हणाली. "म्हनतोय, मेंढरास्नी खाता येत न्हाय तवर मी कसा खाऊ?"

बजाबाईला हे कळलंच नव्हतं. इतके दिवस तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं कुठं होतं? आता पाहिलं. गाल आत गेलेले, डोळे खोल. रागाला तिनं केव्हाच पाण्यात सोडलं होतं. ती खोपटात गेली, भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आली आणि त्याच्या शेजारी मातीत बसली. दोघं मोरीकडे बघत राहिले. मोरीचे डोळे मिटले होते. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग जबडा हलला. एकदा. थांबला. पुन्हा हलला.

बजाबाईनं भाकरी मोडली, चटणीचं बोट लावलं आणि तुकडा त्याच्या हातात दिला.

"खा आता."

त्यानं घास तोंडात घातला, पण रडू असं आलं की तो गिळवेना. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला आणि पाठीवर हात ठेवून बसली.

"हळू," ती म्हणाली. "हळू चाव."